खालच्या दोन कोऱ्या ओळी

"हे तुम्ही कुणी मानणार नाही, आधीच सांगून ठेवतो. लातूरच्या माझ्या जावयानं मानलं नाही, आणि तो विमा कंपनीत आहे, दिवसभर लोकांच्या मरणाचेच कागद चाळतो. तरी जे घडलं ते घडलं."

मी एवढं म्हणेपर्यंत ऋतुजानं लाल कापडी बांधणीची ती जाडजूड वही मांडीवर उघडून पेनाचं टोपण काढलं होतं.

"सांगा काका," ती म्हणाली. "मी लिहून घेते."

शनिवारची सकाळ, साडेनऊ वाजलेले. बाजार मैदानावर साहित्य संमेलनाचा मांडव उभा होता. मांडवात साडेचारशे खुर्च्या होत्या आणि आम्ही चार माणसं. उद्घाटक तासाभरापासून लोह्याच्या अलीकडंच होते. ग्यानोबा चहाचं पातेलं घेऊन स्टेजच्या पायरीवर बसला होता. मांडववाला हरिओम शिडीवर चढून कनातीची दोरी ताणत होता, कारण पहाटेपासून वारं सुटलं होतं, आणि ते वारं मला आवडलेलं नव्हतं. माघातल्या वाऱ्याला एक दिशा असते. याला नव्हती. कनात एकदा आत फुगायची, एकदा बाहेर. मध्येच दोन-तीन श्वास थांबायची.

ऋतुजा ही रामलिंग आप्पांची मुलगी, लातूरला शाळेत शिकवते. वही आप्पांची. यंदा शोकप्रस्ताव ती वाचणार होती.

आप्पा कोण हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, कारण सांगण्यासारखं त्यांनी काही केलेलं नाही. तहसीलसमोरच्या लिंबाखाली छत्तीस वर्षं अर्जनवीस म्हणून बसले. फेरफार, रेशनकार्ड, वारसनोंद, शेजाऱ्यानं बुजवलेला पाट, अशी अख्ख्या तालुक्याची गाऱ्हाणी त्यांच्या हातून कागदावर गेली. प्रत्येक अर्जाच्या शेवटी 'आपला नम्र' एवढं लिहायचं आणि सहीची जागा दुसऱ्याला सोडायची. संमेलनात त्यांच्याकडं एकच काम होतं. वर्षभरात वारलेल्या लेखक-कवींची आणि गावच्या चार मोठ्या माणसांची यादी करायची, उद्घाटनाआधी माईकवरून वाचायची आणि लोकांना दोन मिनिटं उभं करायचं. एकोणीस वर्षं त्यांनी ते केलं.

त्या यादीचा त्यांचा कायदा होता. कुणी गेल्याचं कानावर आलं की आप्पा त्या घरी फोन लावत. "तुमच्याकडं दुःख झालंय म्हणतेत, खरं का?" घरच्यानं हो म्हटलं तरी भागत नसे. बाहेरच्या एका माणसाचंही हो लागे. वहीत त्यासाठी दोन रकाने आखलेले: घरचे, बाहेरचे. त्याला कारण होतं. पहिल्याच वर्षी भोकरकडचा एक कवी पुतण्याच्या सांगण्यावरून यादीत गेला. जमिनीमुळं पुतण्याला जरा घाई होती. दुसऱ्या दिवशी कवी एसटीनं स्वतः आला, स्टेजवर चढला आणि आपण जिवंत असल्याचा पुरावा म्हणून अकरा कविता म्हणाला. अकरावीपर्यंत अर्धा मांडव पुतण्याच्या बाजूचा झाला होता.

आणखी एक गोष्ट. टाइप केलेल्या यादीच्या खाली आप्पा दोन ओळी कोऱ्या ठेवायचे. "मरण काय टायपिंगसाठी थांबतंय व्हय, गुरुजी? सकाळच्याला कुणी गेलं तर त्येला कुठं बसवावं?" आणि एकोणीस वर्षांत त्या ओळी कोऱ्या राहिल्याचं मला आठवत नाही. दहाच्या आत कुठून तरी फोन यायचाच. लोक म्हणतात योगायोग. मी म्हणतो, जागा दिसली की येणारा येतो.

यंदाच्या यादीत आठ नावं होती. तिसरं रामलिंग आप्पांचं. वहीत त्यांच्यापुढं 'घरचे'च्या रकान्यात गुणाबाईंचं नाव होतं, म्हणजे ऋतुजाच्या आईचं. 'बाहेरचे' रिकामा. त्यासाठी ती माझ्याकडं आली होती. यादीच्या खाली दोन कोऱ्या ओळी सोडलेल्या. मला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. मी त्या ओळींकडं बघत नव्हतो.

"खरं तर 'हो' म्हणून सही केली तरी पुरतं," ती म्हणाली. "पण आई म्हणली, भुजंगकाकांना कसं झालं ते सगळं सांगायला लाव. तोंडानं."

"सगळं सांगतो की," मी म्हणालो. "ग्यानोबा, चहा ओत. ही गोष्ट सुक्या घशानं सांगायची नाही."

"ओतलाय. तुमचा दुसरा हाय ह्यो," ग्यानोबा म्हणाला.

तर आप्पांना एकच हौस होती, आणि ती सगळ्या गावाला माहीत होती. रविवारच्या कविसंमेलनात आपलं नाव स्टेजवरून पुकारलं जावं आणि आपण उठून कविता म्हणावी. कविता एकच होती. तहसीलसमोरचा तो लिंब रस्ता रुंद करताना तोडला, त्याच्यावर सोळा ओळी. कधी ऐकली नाही मी, पण त्यांच्या वरच्या खिशात घडी दिसायची. कवींची नावं पुकारायचं काम माझं. त्यामुळं दर डिसेंबरात आप्पा मला रीतसर अर्ज द्यायचे. विषय: कविसंमेलनात एकदा नाव पुकारले जाणेबाबत. तोंडानं मागायची त्यांना सवयच नव्हती. असे एकोणीस अर्ज माझ्या ट्रंकेत आहेत. कधी नांदेडचे पाहुणे जास्त व्हायचे, कधी सभापतींची सून कविता करायला लागायची. आप्पा म्हणायचे, "हाव गुरुजी, पुढल्या साली बघू." आणि खुर्च्या उचलायला लागायचे.

गेल्या वर्षी मात्र मी ह्या ग्यानोबाच्या टपरीवर चार माणसांत सांगितलं, "आप्पा, यंदा तुमचं नाव ह्या स्टेजवरून पुकारलं जाणार. भुजंगरावाचा शब्द."

"म्हणले होते," ग्यानोबानं साक्ष दिली. "आप्पांनी त्या दिवशी समद्यांना चहा पाजला."

"आता ऐका. गेल्या वर्षीचा शनिवार. असंच साडेनऊ, असंच वारं. चौदा नावांची यादी तयार. खालच्या दोन ओळी कोऱ्या. एक फोन नाही, आप्पा खुशीत. यादी टेबलावर ठेवली, वर दगड ठेवला आणि हात धुवायला गेले. टेबलापाशी मी एकटा. आणि ह्या डोळ्यांनी बघितलं, कागदाला घाम आला."

"कागदाला," ग्यानोबा म्हणाला.

"घाम. वरची नावं कोरडी ठणठणीत, ओल फक्त खालच्या ओळीला. आणि त्या ओलीतनं अक्षर वर यायला लागलं. विहिरीत बुडालेली घागर वर येते तसं, हळू. आधी 'रा'. मग 'म'. मी दगड बाजूला सारला, कागद उलटा केला. मागं काही नाही. सुलटा केला तर नाव पुरं झालेलं. रामलिंग आप्पा, अर्जनवीस. रंग कसा म्हणाल तर शेवाळाचा."

ग्यानोबानं माझ्या खिशाकडं बघितलं. हेडमास्तर झालो तेव्हापासून मी हिरव्या शाईचं पेन बाळगतो. त्याचा इथं काही संबंध नाही.

"शेवाळाचा रंग," ऋतुजा लिहिता लिहिता म्हणाली. वर्गात मुलं श्रुतलेखन लिहिताना पुटपुटतात तशा आवाजात. "पुढं?"

"पुढं आप्पा आले. चष्मा लावला. वाचलं. दुसरा असता तर बोंबलला असता. आप्पांनी काय करावं? कायदा म्हणजे कायदा. खिशातनं फोन काढला, मांडवाच्या मागं गेले आणि स्वतःच्या घरी लावला. मी कनातीला कान लावून उभा. वारं पडलं होतं. पलीकडं घंटी वाजून राहिली होती ती मला अलीकडं ऐकू येत होती. आप्पा म्हणाले, 'तुमच्याकडं दुःख झालंय म्हणतेत, खरं का?' आणि पलीकडनं आवाज आला. देवाशपथ सांगतो, आप्पांचाच आवाज. 'हाव,' म्हणाला. 'खरं हाय.'"

शिडीवर हरिओमचा हात थांबला. "काय सांगून राहिले गुरुजी. इथंच? ह्या मागल्या बाजूला?"

"तू उभा आहेस त्याच्या बरोबर मागं."

हरिओम दोन पायऱ्या खाली उतरला. कनातीनं आत श्वास घेतला आणि धरून ठेवला.

"फोन मी उचलला होता," ऋतुजा म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "असू द्या. पुढं सांगा."

मध्येच कुणी असं बोललं की गोष्टीचा एक खांब हलतो. पण ती 'असू द्या' म्हणाली आणि पेन चालूच राहिलं, तेव्हा मला वाटलं, निभावलं. फोनवर आप्पा तिला काय बोलले हे विचारावं असं जिभेवर आलं होतं. विचारलं नाही.

"आणि बाहेरच्या कुणाला विचारलं का आप्पांनी?" ती म्हणाली. "दोन हो लागतात."

"वेळ कुठं होता. उद्घाटकांची गाडी आली, वाजंत्री वाजलं, स्टेजवर धावपळ."

विचारलं होतं. मांडवामागून आले आणि माझ्यासमोर कागद धरून उभे राहिले. "गुरुजी, तुम्ही बाहेरचे. तुम्ही सांगा. खरं का?" मी काय केलं ते इथं घेण्यासारखं नाही. हसलो होतो.

"आप्पा माईकपुढं गेले. दर वर्षीचा तोच आवाज, ना वर ना खाली. एक नाव, मग मनात तीन आकडे, मग पुढचं नाव. चौदा झाली. चौदाव्यानंतर तीनच्या जागी सहा आकडे गेले असतील. मग म्हणाले, 'रामलिंग आप्पा, अर्जनवीस.' त्याच आवाजात. आणि म्हणाले, 'यांच्या आत्म्यास शांती लाभो. सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं.' लोक उभे राहिले. कुणी ऐकत असतं का? आपण उभं राहतो, टाचेखालचा खडा सरकवतो, दोन मिनिटं संपायची वाट बघतो. पहिल्या रांगेतल्या पाच-सात जणांनी मान वर केली आणि परत घातली. आप्पाही उभे. मान खाली, घड्याळाकडं नजर. सांगा मला, तो माणूस कुणासाठी उभा होता?"

मांडवात चारशे पन्नास रिकाम्या खुर्च्या आमच्याकडं तोंड करून होत्या.

"दोन मिनिटं संपली. उद्घाटक खाली येऊन आप्पांचा हात धरून म्हणाले, 'हे रामलिंग आप्पा तुमच्या जवळचे होते का?' आप्पा म्हणाले, 'हाव. लई वर्षांचे.'"

हे मात्र शब्दाला शब्द खरं आहे. एवढ्या सगळ्यात हेच मला रचता आलं नसतं.

"आणि तिथनं सुरू झालं. त्या घटकेपासून आप्पा कुणाला दिसेनात. जेवणाच्या पंगतीत वाढपी त्यांच्या पत्रावळीवरनं पुढं गेला. फोटोत सगळी समिती आली, आप्पांच्या जागी मागचा खांब. बाजारातलं ते लाल कुत्रं, जे माझ्यावरसुद्धा भुंकतं, ते त्यांच्या पायातनं आरपार गेलं. ग्यानोबा, तू सगळ्यांना चहा दिलास, आप्पांना दिला नाहीस."

"दिला होता," ग्यानोबा म्हणाला.

"तुला आठवत नाही."

"दोन दिले होते, गुरुजी. एक बिनसाखरेचा देल्ता चुकून, तर त्येनी तोबी पिला. कुत्र्याचं मला म्हाईत न्हाई."

मी त्याच्याकडं दुर्लक्ष केलं. गोष्ट आता उताराला लागली होती, आणि उतारावर थांबता येत नाही. बाहेर कुठं तरी गाडीचं हॉर्न वाजलं. उद्घाटक नव्हते, दुधाचा टेम्पो होता. ऋतुजाच्या मांडीवरची यादी वाऱ्यानं उचलली गेली, तिनं कोपर ठेवून दाबली. कोऱ्या ओळी नेमक्या कोपराच्या बाहेर राहिल्या.

"रविवार," मी म्हणालो. "दुपारी तीनला कविसंमेलन बसलं. एक्केचाळीस कवी. आप्पा दुसऱ्या रांगेत, नवा सदरा, हात वरच्या खिशावर. मी बघून राहिलो होतो, प्रत्येक कवीबरोबर त्यांचा रंग उतरत होता. विसाव्या कवीला त्यांचे कान दिसेनासे झाले. तिसाव्याला मागच्या रांगेतल्या बाईच्या लुगड्याची नक्षी त्यांच्यातनं दिसायला लागली. उन्हं कलली. माईक कण्हायला लागला, आपोआप. हरिओम, आठवतं का?"

"माईक माझ्याकडं नसतो गुरुजी. मी खुर्च्या आन् मांडव."

"कण्हत होता. पण भुजंगराव शब्दाचा माणूस. एक्केचाळिसावा कवी उतरला तसा मी माईक हातात घेतला. घसा साफ केला. आणि पुकारलं, 'आता आपल्या गावचे कवी, रामलिंग आप्पा.' मांडव स्तब्ध. आप्पा उठेनात. मी दुसऱ्यांदा पुकारलं. लोक वळून बघायला लागले. तिसऱ्यांदा पुकारलं, पार बसस्टँडपर्यंत आवाज गेला असेल, आणि बघतो तर आप्पा गेलेले. बसल्या बसल्या. पण तोंडावर असं समाधान, पोरी, असं समाधान, की आपलं नाव कानावर पडलं आणि माणूस…"

पेन थांबलं होतं.

कधी थांबलं ते मला कळलं नाही. पान मी उलटं वाचू शकतो, मास्तरकीत ते जमतं. कागदाचा घाम लिहिला होता. शेवाळ लिहिलं होतं. फोनवरचा आवाज, खांब, लाल कुत्रं, सगळं ओळीनं, नीट अक्षरात. 'एक्केचाळिसावा कवी उतरला' एवढ्यावर ओळ संपली होती. पुढं तिनं काही घेतलं नव्हतं. तिनं पेनाला टोपण लावलं.

"आप्पा त्यानंतरच्या गुरुवारी गेले, काका," ती म्हणाली. "लोह्याच्या दवाखान्यात, सकाळी. तुम्ही मातीला आला होता."

"दिवसाचं काय एवढं," मी म्हणालो. "सांगताना दिवस थोडा मागं-पुढं…"

"दिवस राहू द्या. शाई राहू द्या. फोनवर आप्पा म्हणले, 'ऋतुजा, गुरुजींनी हिरव्या शाईनं माजं नाव लिवलंय. पुकारतो म्हणले होते, तर असं पुकारून राहिले. थट्टा हाय. आता मधीच थांबलो तर पाव्हण्यांपुढं गुरुजींचं हसं व्हईल. वाचून टाकतो.' म्हणून मी त्याचंही काही धरलं नाही. आईनंही धरलं नाही. शाईचं काय सांगायचं ते तुम्ही सांगा, मी लिहीन. मी आत्ता लिहिलंच की."

ग्यानोबानं पातेल्यावर झाकण ठेवलं. हरिओम शिडीवरून खाली उतरून उभा होता, दोरी हातात.

"पण रविवारी मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते," ऋतुजा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी रिकाम्या मांडवात तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "एक्केचाळीस नावं आम्ही दोघांनी बोटांवर मोजली. मग तुम्ही आभार मानले आणि पाहुण्यांबरोबर जेवायला गेला. आप्पा म्हणले, 'बस गं थोडं. गुरुजींच्या ध्यानातनं गेलं आसंल, याद आली की येतेत.' हरिओमभाऊंनी सगळा मांडव रिकामा केला. आमच्या दोनच खुर्च्या राहिल्या. मग आप्पा उठले, आपली खुर्ची मिटली, स्वतः नेऊन थप्पीवर ठेवली, आणि हरिओमभाऊंना म्हणले, 'ह्ये धरून मोजा.' तुम्ही त्यांचं नाव पुकारलं नाही, काका. एकदाही नाही."